राणीसरकारांची भुतावळ

२ फेब्रुवारी
रोजनिशी सुरू. वाचणारा मीच. डोक्यात मुद्दे फार साचतात, त्यांना कुठेतरी उतरवून ठेवायला हवं.

मुद्दा एकच आहे. लेकीला घरी आणणे.

ही गेली आणि दोन महिन्यांत आमच्या राणीसरकार (वय सतरा) बॅग भरून मावशीकडे राहायला गेल्या. कारण दिलं, कॉलेज जवळ पडतं. जवळ नाही, लांब पडतं. म्हणजे खरं कारण वेगळं. हिच्या शोकसभेतच मला शंका आली होती. मी दीड-दोन तास बोललो, परकी माणसं डोळे पुसत होती, आणि राणीसरकार मधेच उठून बाहेर गेल्या. एवढं दगडाचं काळीज पोरीला कुणी दिलं?

आज तिच्या कपाटात उत्तर सापडलं. कॉमिक्स. जपानी आणि कोरियन, इंग्रजीत आणलेली. खून, भुतं, वेडी झालेली माणसं. पोर आमच्या हातून गेली ती या काळ्या शाईमुळे.

प्लॅन: सगळं वाचायचं, मुद्दे काढायचे, २३ तारखेला वाचनालयात जाहीर भाषण ठोकायचं. राणीसरकार ऐकतील, डोळे उघडतील, घरी येतील. पाणीमीटर दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये मी तीस वर्षं युनियन चालवली आहे. मॅनेजमेंटला वाकवलं, तिथे ही चित्रं काय चीज आहेत.

५ फेब्रुवारी
कोरियन प्रकार मोबाइलवर असतो. पानं नाहीत. बोटाने वर सरकवत राहायचं, विहिरीत उतरल्यासारखं. एक माणूस नव्या खोलीत राहायला येतो. समोरच्या खिडकीत एक भाडेकरू. हा उद्या जे करणार ते तो आजच करतो. एक दिवस समोरची खिडकी रिकामी दिसते.

बालिश. तर्काला सोडून.

खिडकीचा पडदा लावून घेतला. धूळ येते. घरातले सगळे दिवे चालू ठेवून झोपलो. दमट हवेला उजेड चांगला. बाथरूमच्या आरशावर टॉवेल टाकलाय, तो वाळावा म्हणून.

९ फेब्रुवारी
जपानी एक वाचून काढलं. पातळ, फक्त चित्रांचं, कुठूनही उघडलं तरी अंगावर येतं. शाळेच्या वर्गात रोज एक बाक वाढतो आणि त्यावर कोण बसतं हे कुणी विचारत नाही. निषेध म्हणून जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपमध्ये सांगायला घेतलं. पितळी चाकं, मीटरच्या काचा, सगळं बाजूला पडलं. फोरमन नंतर म्हणाला, साहेब, तुमच्या भाषणात आम्ही डबा खाऊन घेतो, आज पहिल्यांदा डबे तसेच राहिले. तीस वर्षांनी माझं वक्तृत्व पिकतंय.

११ फेब्रुवारी
मावशीकडे फोन लावला. राणीसरकारांना बोलावलं. भूमिका सविस्तर मांडली: घर म्हणजे काय, बाप म्हणजे काय, वाचन म्हणजे काय. तिकडे पूर्ण शांतता. म्हटलं, पटतंय. शेवटी मेव्हणीचा आवाज आला. पोर फोन टेबलावर ठेवून केव्हाच आंघोळीला गेली होती. ऐकलं सगळं मेव्हणीने, भाजी चिरता चिरता. तिला पटलं का, विचारलं. ती म्हणाली, भावजी, भाजी झाली चिरून.

१५ फेब्रुवारी
मोठी बातमी. मेव्हणी स्वतः येऊन एक जपानी पुस्तक देऊन गेली. राणीसरकारांनी पाठवलंय. सोबत निरोप: हे वाचा, मग बोलू.

मग बोलू. चार महिन्यांत तिने मला दिलेले हे पहिले शब्द. मेव्हणी दारातून परत वळून म्हणाली, भावजी, नीट वाचा हं, तिने खूप विचार करून दिलंय. मला वाचायला शिकवतेय. घरात दोन हजार पुस्तकं आहेत माझ्या.

१६ फेब्रुवारी
वाचलं.

छपाई गचाळ. मुखपृष्ठ मागच्या बाजूला. उघडल्या उघडल्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत ताकीद: थांबा, चुकीच्या वाटेने चालला आहात, मागे फिरा. कमकुवत मनाच्या वाचकांसाठी असणार. मी मागे फिरणाऱ्यातला नाही. मॅनेजमेंटला विचारा.

सुरुवातीला एक काळीकुट्ट खोली. भिंती शब्दांनी भरून काळ्या झालेल्या. मधोमध एकटा बाप. मग दारातून मुलगी येते, पाठमोरी, बॅग घेऊन. पाठमोरी! संकोच किती सुंदर दाखवलाय. तिचे कान दोऱ्याने शिवलेले आहेत. पानोपानी एकेक टाका निघत जातो. भिंतीतून आईचा हात बाहेर येतो, मग चेहरा, मग सगळी आई. भिंती उजळत जातात. संवादात आधी उत्तर येतं आणि मागाहून प्रश्न. नवसाहित्यात चालतं. शेवटच्या चित्रात स्वच्छ ऊन, जेवणाचं टेबल, बाप बोलतोय आणि दोघी ऐकतायत.

मी रडलो. लिहून ठेवतो, कारण कुणाला सांगणार नाही. पोरीने पत्र लिहिलं असतं तर इतकं स्पष्ट लिहिता आलं नसतं. तिला घरी यायचंय. कानांचे टाके काढून माझं ऐकायचंय.

१८ फेब्रुवारी
मत बदलायला छाती लागते. भाषण उलटं फिरवलं. आता विषय: भयचित्रकथेतला बाप. ग्रंथपालबाईंना कळवलं. त्यांनी विचारलं, पुस्तक पूर्ण वाचलंत ना? आजकाल जो तो मला हेच विचारतोय.

राणीसरकारांची खोली रंगवायला घेतली. पांढरा. पुस्तकातल्यासारखा.

२३ फेब्रुवारी
भाषण झालं.

२४ फेब्रुवारी
काल पुढे लिहवलं नाही. घसा बसलाय.

हॉल भरला होता, बहुतेक कॉलेजची मुलं. राणीसरकार शेवटच्या रांगेत, मावशीशेजारी. मी रंगलो. बापाच्या वाणीने भिंतीतली आई परत आली, असं म्हटलं आणि टाळीसाठी थांबलो. पहिल्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं, मग पुढच्या चार रांगा. मला वाटलं, आनंद. शेवटच्या चित्राचं वर्णन केलं तेव्हा ग्रंथपालबाई उठल्या, माईकपाशी आल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "साहेब, जपानी पुस्तक उजवीकडून वाचतात. तुम्ही शेवटाकडून सुरुवातीला आलात."

मी म्हटलं, दृष्टिकोन वेगवेगळे असू शकतात. त्यावर पुढे अजून पंधराएक मिनिटं बोललो.

संपल्यावर शेवटच्या रांगेत दोन रिकाम्या खुर्च्या.

२६ फेब्रुवारी
उजवीकडून वाचलं.

ऊन, टेबल, तिघं. बाप बोलतो. त्याचे शब्द भिंतीवर जाऊन चिकटतात. आई काही सांगायला तोंड उघडते तर बापाच्या बोलण्याचा फुगा तिच्या चेहऱ्यावरच येऊन बसतो. आई भिंतीकडे सरकत जाते आणि भिंतीत जाते. बापाला कळत नाही, तो तिच्याबद्दल बोलतच असतो. मुलगी सुईत दोरा ओवते. शेवटी बॅग घेऊन दाराबाहेर. काळ्या खोलीत बाप, त्याचे फक्त दात पांढरे.

आईच्या चेहऱ्यावर फुगा असलेलं पान पुन्हा पुन्हा पाहिलं. चित्रकाराची मांडणी सदोष आहे. तो फुगा जरा बाजूला घेता आला असता.

जेवण गेलं नाही. ॲसिडिटी.

१ मार्च
हरलेली लढाई जिंकायची युक्ती सापडली. पुस्तकाचा सारांश काय? बापाने गप्प बसावं. बसतो. माझ्या शिस्तीला तोड नाही.

मेव्हणीचा फोन. राणीसरकार आठ तारखेला सकाळी येणार आहेत. कशाला, ते सांगितलं नाही. सामान न्यायलाच असणार, कपाट अजून भरलेलं आहे. मेव्हणीचा आवाज भरून आला होता. म्हणाली, भावजी, या वेळी तिच्याशी नीट बोला. मी बोललो नाही, फक्त हुंकार दिला. सराव सुरू.

५ मार्च
युनियनच्या गेट मीटिंगला गेलो आणि बोललो नाही. माणसं थोडा वेळ उभी राहिली, मग पांगली. फोरमनने डॉक्टरचा पत्ता दिला. घरी आल्यावर घरही गप्प. हिच्या फोटोकडे पाहून काहीतरी तोंडावर आलं होतं, गिळलं. जीभ जड झाली आहे. प्रगती उत्तम.

८ मार्च, सकाळी अकरा
आली होती.

दार उघडलं, तोंड उघडलं नाही. पाणी दिलं. रंगवलेली खोली हाताने दाखवली. ती कपाटापाशी गेली, पुस्तकांवरून बोट फिरवलं, एकही काढलं नाही. हिच्या फोटोसमोर बसून राहिली. बारीक झालीय. मला विचारायचं होतं, जेवतेस ना. विचारलं नाही. दातांखाली धरून ठेवलं.

मग म्हणाली, "बाबा, काहीच बोलणार नाही का?"

मी मान हलवली. हसलोसुद्धा, तिला पटावं म्हणून. बघ, तुझं पुस्तक मला कळलं.

ती म्हणाली, "मी काय करू, एवढं तरी सांगा."

तीस वर्षं हजारो माणसांना काय करायचं ते सांगितलं. ओठांपर्यंत एकच शब्द आला होता, साधा, दोन अक्षरी. पण हा क्षण माझ्या परीक्षेचा होता. दोन्ही हात पसरून दाखवले, निर्णय तुझा.

ती उठली.

मी डगमगलो नाही, याची नोंद करतो. आयुष्यात एवढा संयम पाळला नव्हता. एक गोष्ट मात्र उमगली नाही. सामान न्यायला येणारी पोर रिकामी बॅग आणते. ही गच्च भरलेली बॅग घेऊन आली, दारापाशी ठेवली आणि तशीच उचलून जिना उतरली. हात भरून आला असेल.

घराची चावी टेबलावर विसरली आहे. विसराळूपणा माझाच घेतलाय. फोन करून सांगावं म्हणतो, पण मग बोलावं लागेल.