गणपती झाले की

पेण, शुक्रवार संध्याकाळ

वाघ्याच्या पोटातली गाठ कॅन्सरची निघाली. डॉक्टर म्हणाले, पसरलाय, आता कापून उपयोग नाही.

रोह्याच्या आत्याकडून पिल्लू आणलं, तेव्हाच डॉक्टरांनी चाचपून सांगितलं होतं. एक अंड खाली उतरलेलं नाही, पोटातच राहिलंय. वर्षाचा झाला की ऑपरेशन करून काढून टाका, नाहीतर पुढे तिथेच गाठ होईल. मी म्हटलं, गणपती झाले की आणतो. आमचा मूर्तींचा कारखाना, हात रिकामा होतो कधी? पुढच्या वर्षीही तेच म्हटलं. मग म्हणायचंही सोडलं. चांगला धडधाकट तर होता! बाबा म्हणायचे, "कशाला कापतोस त्याला? येल खाली आपोआप." पण बाबांना कशाला दोष देऊ? डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मला.

आज निघताना विचारलं, किती दिवस? डॉक्टर खाली बघत म्हणाले, "गणपतीपर्यंत नाय टिकायचा."

घरी येऊन डोळ्यांच्या आखणीला बसलो. वाघ्या रोजच्यासारखा पायाशी येऊन पडला, मान वर करून माझ्याकडे बघत. मी एकामागून एक मूर्तींचे डोळे रेखत राहिलो. खाली एकदाही बघितलं नाही.