पट्टे गाडीत होते

आबा, काल विमा कंपनीचा सर्वेअर येऊन गेला. तेव्हापासून हातात घेतलेलं एकही काम पुरं होत नाही. सकाळपासून तीनदा चहा ठेवला आणि तीनदा गॅस बंद केला. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुमचं शेड दुरुस्तीचं काम मी चालवते आहे, हे तुम्हाला आवडलं असतं की नाही, ठाऊक नाही. पण काल जे झालं ते सांगायला तुमच्याशिवाय कुणी सुचत नाही.

आपला मिस्तरी, तुमच्याच हाताखाली तयार झालेला, पारोळ्याजवळच्या खेड्यातला, बारा दिवसांपूर्वी धुळ्याच्या वाटेवरच्या एका जिनिंगच्या शेडवरून पडला. कापसाचा हंगाम तोंडावर आलेला आणि मालक सकाळपासून मागे लागलेला. "ताई, परवापासून गाड्या येतील, आज पत्रे बसलेच पाहिजेत." चारच पत्रे उरले होते. जेवणानंतर मिस्तरी शिडीपाशी उभा राहून माझ्याकडे बघत होता. सुरक्षेचे पट्टे आणि दोर गाडीत होते आणि गाडी फाटकाबाहेर, कारण आत एक ट्रक आडवा लागला होता. मी म्हणाले, "अर्ध्या तासाचं काम आहे, जा." तो गेला. सिमेंटचा जुना पत्रा त्याच्या पायाखाली फुटला आणि तो सरळ खाली फरशीवर आला. कमरेचं हाड मोडलं, मांडी मोडली, जीव वाचला. जळगावच्या दवाखान्यात आहे. पुन्हा शिडी चढणार नाही, असं डॉक्टर म्हणतात.

तुमच्या काळी आपल्याकडे नव्हती ती कामगारांची पॉलिसी मी दरवर्षी न चुकता घेते. हप्ता भरला की मला वाटायचं, आता काळजी मिटली. पण दाव्याच्या अर्जात एक प्रश्न असतो: उंचीवर काम करताना पट्टा दिला होता का, आणि कामगाराने तो लावला होता का? दिला नव्हता असं लिहिलं, तर अट मोडली म्हणून कंपनी हात वर करू शकते. मग सगळी भरपाई माझ्यावर, कारण साइटवर काहीही झालं तरी जबाबदारी ठेकेदाराची, असं मालकाने करारात आधीच लिहून घेतलेलं. दिला होता पण त्याने ऐकलं नाही, असं लिहिलं तर मी सुटते, मालक सुटतो आणि मिस्तरीचा हक्क लोंबकळत राहतो. मालक फोनवर म्हणाला, "तेच लिहा ताई. सगळे तेच लिहितात."

आणि आबा, मिस्तरीही तेच म्हणाला. पायाला वजन बांधलेलं, बोलताना दम लागत होता. "ताई, मीच सांगसू. पट्टा व्हता, मी लावा नही. मन्ही चूक शे." त्याची बायको खाली बसून त्याच्यासाठी केळं सोलत होती. तिचा हात थांबला.

तिच्याकडे बघताना मला तो दिवस आठवला, ज्याचा विषय तुम्ही पुन्हा कधी काढला नाहीत. मी नववीत आहे. अमळनेरच्या एका तेलमिलमध्ये टाकी रंगवताना तुमचा एक माणूस पडला आहे, तो दवाखान्यात आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको आपल्या स्वयंपाकघरात बसली आहे, आईने तिला भाकरी वाढली आहे आणि ती खात नाही. तुम्ही मला हाक मारता. "तुझं अक्षर चांगलं आहे, लिही." मी लिहिते: ठेकेदाराने नको म्हटलं असताना माझा नवरा स्वतःच्या मर्जीने टाकीवर चढला. मग मी थांबते आणि विचारते, "तुम्ही खरंच नको म्हणाला होतात का, आबा?" तुम्ही ओरडला नाहीत. फक्त म्हणालात, "तुला लिहायला सांगितलंय, विचारायला नाही." तिने अंगठा उमटवला. कागदात काय आहे ते तिला कुणी वाचून दाखवलं नाही. मीही नाही.

पुढे त्याच माणसाला तुम्ही गोदामावर राखणदार ठेवलंत, त्याच्या पोरीच्या लग्नात घरचे म्हणून उभे राहिलात. तुम्ही गेलात तेव्हा तो काठी टेकत स्मशानापर्यंत आला आणि लहान मुलासारखा रडला. म्हणून मला तुमच्यावर धड रागावताही येत नाही. तो तुमचे उपकार मानतच मेला. त्यातलं त्याच्या हक्काचं किती होतं ते त्याला कधी कळलं नाही, आणि ते कळू न देण्यात माझाही हात होता.

काल सर्वेअर समोर बसला. तरुण, नीट बोलणारा. मी सांगितलं, "पट्टे गाडीत होते. मीच त्याला तसंच वर पाठवलं." तो लिहिता लिहिता थांबला. "मॅडम, असं लिहिलं तर दावा अडकू शकतो. विचार करून उद्या सांगता का?"

"लिहा," मी म्हणाले, आणि खाली सही केली.

संध्याकाळी मालकाचा निरोप आला, यापुढचं काम दुसऱ्याला दिलंय. मी जबाबाची प्रत घेऊन दवाखान्यात गेले आणि मिस्तरीच्या बायकोला ती शब्दन् शब्द वाचून दाखवली. सांगितलं, कंपनीने दिलं नाही तर मी द्यायचं आहे, आणि मी टाळाटाळ केली तर माझ्यावर केस करायची. ती घाबरली. "तुन्हावर केस करू मी?"

"कर," मी म्हणाले. तिने तोंड फिरवलं. मिस्तरीने डोळे मिटून घेतले, झोप लागल्यासारखे.

खरं सांगितलं की हलकं वाटतं असं लोक म्हणतात. मला वाटत नाहीये. मी या खोलीतून त्या खोलीत फिरते आहे, कारण एक गोष्ट जबाबात नाही, आणि हे पत्र कुठे जाणार नाही म्हणूनच लिहिते आहे. पत्रा फुटल्याचा आवाज आला तेव्हा मी मिस्तरीकडे धावले नाही, आबा. मी फाटकाकडे धावले. गाडीतून एक पट्टा ओढून काढला आणि त्याच्याजवळ टाकायला म्हणून शेडच्या दारापर्यंत घेऊन आले. तेवढ्यात तो कण्हला, आणि पट्टा दाराआड फेकून मी आत गेले. तो दाराकडे तोंड करून पडला होता. डोळे उघडे होते. त्याने पाहिलं का, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.