काळ्या दातांची मुंडकी

आईच्या पायांवर डोकं ठेवून तोराचा नमस्कार.

मी खुशाल आहे. दोन वेळचा भात मिळतो. घराचं छप्पर शाकारलंस का?

हे युद्ध पेटलं कशावरून, असं तू विचारलंस. धन्यानं पुतण्याला दत्तक घेतलं, मग त्याला पोटचा मुलगा झाला. धनी वारल्यावर पहिली उदबत्ती कोणी लावायची, यावरून चितेसमोरच तलवारी निघाल्या. मध्ये पडलेल्या भिक्षूचा हात तुटला.

छावणीत आम्ही बायका शत्रूची कापून आणलेली मुंडकी पाटावर ठेवून धुतो, केस विंचरतो. थोरामोठ्यांचे दात काळे रंगवलेले असतात. अशी मुंडकी आणणाऱ्याला बक्षीस मोठं. काल एक शिपाई म्हणाला, "तोराबाई, रंगवा की याचेही दात. मेल्यावर तरी सरदार होऊ दे बिचारा!" मी रंगवले. उन्हानं रापलेला शेतकऱ्याचा पोर होता तो.

आमचे सेनापती निशिदा पडद्याआड चहा पीत बसतात. खात्री झाल्याशिवाय माणूस पुढे धाडत नाहीत. शिपाई त्यांना भित्रे म्हणतात, पण जिवंत परततात. पलीकडचे सेनापती कुराहाशी आपला भात जखमींना देतात आणि लढाईत सर्वांच्या पुढे धावतात. त्यांच्या सैन्यातली पोरं हौसेनं मागे धावतात, आणि संध्याकाळी माझ्या पाटावर येतात.

आपला धाकटा, गेनपाची, त्यांच्याकडेच आहे. त्याला त्यांचं फार कौतुक. अजून तो माझ्याकडे आलेला नाही.

धाकटा असून माझं ऐकत नाही. तू आजारी आहेस म्हण, काहीही म्हण, पण त्याला घरी बोलाव. गाव तुला पळपुट्याची आई म्हणेल. म्हणू दे.

तुझीच,
तोरा