अक्कावरचा पेपर

१८ डिसेंबर १९३८, शहापूर

उद्यापासून पहाटे उठणे, जोर-बैठका, दोन तास वाचन. आज प्रवासाचा शीण आहे.

नाताळात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांचं संमेलन आमच्या गावात! कल्पना माझी, सेक्रेटरी मी. पुरुष डेलिगेट शाळेत उतरतील, दोघी मुली आमच्या घरी. त्यातली एक पुण्याची मिस सरस्वती. गेल्या संमेलनात तिने माझी पेन्सिल घेतली ती अजून परत केलेली नाही. शास्त्राच्या दृष्टीने याला अर्थ असतो.

१९ डिसेंबर

उशिरा उठलो. थंडी फार.

अक्काला स्वयंपाकाचं सांगितलं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण भागीरथी. नवरा वारल्यापासून माहेरीच असते. "येवढी मानसं? बरं," एवढंच म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली. अशिक्षित मन किती सरळ असतं!

संमेलनात वाचायच्या माझ्या पेपरला मात्र विषय सापडत नाही.

२१ डिसेंबर

सापडला! गोठ्याकडे गेलो तर अक्का वासराला अंगाई म्हणत होती. तिची मुलगी दीड महिन्याची होऊन गेली, त्याला आठ वर्षं झाली. हे तर दडपलेलं मातृत्व! अशी केस घरबसल्या कुणाला मिळते? आडोशाला उभा राहून सगळं टिपून घेतलं.

पेपरात नाव घालणार नाही. 'श्रीमती भ.' म्हणेन. गुप्तता हा आमच्या शास्त्राचा पाया आहे.

२५ डिसेंबर

मंडळी आली. मिस सरस्वती माझ्याशी बोलली. "हात कुठे धुवायचे?" असं विचारलं, पण आवाजात निराळंच काही होतं. नंतर चुलीपाशी बसून अक्काशी गप्पा मारत जेवली. पुरुषांच्या पंगतीत संकोच वाटला असणार.

२६ डिसेंबर

पेपर वाचला. शाळेचा वर्ग भरून गेला, खिडक्यांतून गावकरीसुद्धा. "श्रीमती भ., वय अठ्ठावीस, मुक्काम शहापूर, लेखकाच्याच घरी," अशी जोरदार सुरुवात केली. उदाहरणादाखल अंगाई गाऊन दाखवली, मध्ये वासराचं हंबरणंही घातलं. हशाच हशा!

अक्का नेमकी तेव्हाच चहाची किटली घेऊन दारात आली होती. किटली उंबऱ्यावर ठेवून तशीच परतली. किटली तापली असावी. टाळ्या चालू असतानाच मिस सरस्वती उठून बाहेर गेली. भावना अनावर झाल्या.

२७ डिसेंबर

तानसाला सहल. तळ्याकाठी मिस सरस्वतीशी दोन शब्द बोलायचं ठरवलं होतं. ती आलीच नाही. दिवसभर अक्काजवळ बसून होती म्हणे. उघड आहे. मुलगी घरची माणसं पारखून घेते आहे.

परतलो तर शेजारच्या अंबूबाईने विहिरीवर सगळं सांगून टाकलेलं. अक्का पाण्याला निघाली की पोरं हंबरतात. बाबा माझ्याशी बोलेनात. अक्काला समजावलं की हसणं ही वरवरची प्रतिक्रिया असते, मनावर घेऊ नये.

ती म्हणाली, "तू मला इचारलं नाय, कमळू."

म्हटलं, विचारलं असतं तर तू मोकळेपणाने गायली नसतीस, केस बिघडली असती.

अक्का म्हणाली, "आता कुठं गानार हाय मी." आणि विस्तव सारखा करायला वळली.

छाती जरा धडधडते आहे. सहलीत चालणं फार झालं.

२८ डिसेंबर

मंडळी गेली. स्टेशनवर मिस सरस्वतीला सांगायचं वाक्य पाठ केलं होतं. बैलगाडी दारात आली आणि पाहतो तर अक्का गाठोडं घेऊन आत बसलेली! मिस सरस्वतीची आई पुण्यात आईवेगळ्या मुलांना सांभाळते, तिथे अक्का कामाला जाणार. बाबांनी कालच होकार दिलेला. मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

"अक्का, अगं आमचं कसं होणार?" म्हटलं.

"तुमी दोगं हातानं करून खा रे," ती म्हणाली. रागावली नव्हती. रागावलेली बरी वाटली असती.

स्टेशनवर मिस सरस्वतीला विचारलं, पत्र लिहाल ना?

ती म्हणाली, "अक्का लिहायला शिकल्या की त्या लिहितील."

३० डिसेंबर

भात करपला. बाबांनी मुकाट्याने खाल्ला. हात धुताना इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलले.

"भागीच्या पोरीचं नाव काय होतं रे?"

मला आठवेना. तेव्हा मी कल्याणला बोर्डिंगात होतो. शिवाय पेपराला नावाची गरज नव्हती.

बाबा पंच्याला हात पुसून शेताकडे निघून गेले. नाव त्यांनी सांगितलं नाही, आणि मलाही विचारवेना.