सतरा जास्त

प्रिय प्रणाली,

परवा मला शिक्षकांच्या प्रशिक्षणात 'हुशार मुलांना वर्गात आव्हान कसं द्यावं' यावर बोलायचं आहे. नमुने शोधायला शाळेतलं कपाट उपसलं, तर तुझी पाचवीची गणिताची वही हाती लागली.

तुझं सगळ्यांआधी व्हायचं. "बाई, झालं. अजून द्या ना." मी त्याच छापाची आणखी वीस द्यायचे, म्हणजे तू गप्प बसशील. दिवाळीनंतर तुझी उत्तरं चुकायला लागली, मागणंही थांबलं. खरं सांगते, मला हायसं वाटलं. एमआयडीसीतल्या कामाचा खाडा करून आलेल्या तुझ्या आईला मी सांगून टाकलं, "गणित तिच्या आवाक्यातलं नाही."

काल वही नीट पाहिली. अठ्ठेचाळीसच्या जागी पासष्ट. एकशेवीसच्या जागी एकशेसदतीस. प्रत्येक चुकलेलं उत्तर बरोबर सतराने जास्त. सतरा तुझा हजेरी नंबर. मी अवघड काही देईना, म्हणून तू स्वतःलाच घातलेलं गणित होतं ते. मी त्यावर लाल फुल्या मारत गेले.

आज हेंद्रेपाड्यात भाजी घेताना तुझी आई भेटली. "अकरावीला आर्ट्स घेतलं तिने. गणित जमत नाही ना, तुम्हीच बोललेलात." मला सगळं कळलेलं होतं, तरी मी मान डोलावली.

हे पाठवायची हिंमत नाही. वहीतच ठेवते. तिच्या शेवटच्या पानावर माझाच शेरा आहे: 'नीट विचार करून सोडव.'

तुझं एक गणित सोडवायला मला सहा वर्षं लागली.

तुझी म्हणवत नाही,
माधवी बाई