कोर्टात वाजलं ते माझं होतं

रविवार, २ नोव्हेंबर
वाजलं! सकाळी सव्वाअकराला, छातीतून — बारीक, मोबाइलच्या गजरासारखं. आठ वर्षांपूर्वी हृदयाचा ठोका बिघडला तर झटका देणारं मशीन बसवलं तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, "कधी आवाज आला तर लगेच यायचं." बॅटरी संपत आली असणार. शोभानं आतून विचारलं, "कुणाचा फोन?" म्हटलं, मोबाइल कंपनीवाल्यांचा. बायकोशी खोटं!

मशीन बदलायचा खर्च विमा कंपनीनं मागेच जुनं दुखणं म्हणून नाकारला. दुसऱ्या योजनेत कागदावरचं नाव जुळेना. नऊ जानेवारीला सत्तर पूर्ण — मग सत्तरीवरच्यांना फुकट उपचार देणारं सरकारी कार्ड. तोवर ढकलायचं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
रोज त्याच वेळेला वाजतं. सव्वाअकरा व्हायला आले की कोर्टामागच्या सायकल स्टँडवर जाऊन उभा राहतो. अभिषेक वकील चिडले — "काका, नेमका पुकारा झाला की तुम्ही गायब!" लघवीला गेलो होतो म्हणालो. त्यांच्या वडिलांपासूनचा कारकून मी. पण आजारी म्हातारा कोण ठेवतं?

मंगळवार, ११ नोव्हेंबर
आज हलताच आलं नाही. साक्ष चालू, फाइल माझ्याकडे. वाजलं! जजसाहेबांनी वर पाहिलं. "कुणाचा मोबाइल?"

शेजारी लालीबाई होती. नेरकडच्या बंजारा तांड्यावरची, आमचीच पक्षकार. पट्टेवाल्यानं सरळ तिचीच पिशवी उघडली. बाकी कुणाची नाही. "बंद हाये जी तो! पाहा ना!" कुणी पाहिलं नाही. फोन जमा, बाई बाहेर. तिच्याच जमिनीची साक्ष, आणि तीच व्हरांड्यात!

मी फाइलीची पानं उलटत बसलो.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
ताट तसंच बाजूला सारलं. शोभा म्हणते पित्त असेल.

शनिवार, १५ नोव्हेंबर
नेरची बस धरली. पुढं ऑटो. लालीबाई दारात बसून ओढणीला आरसे टाकत होती. उभ्या उभ्याच सांगितलं — "बाई, तो आवाज माझा होता. छातीतल्या मशीनचा."

"मालूम हाये मले. बाजूलेच त होती मी."

"मग बोलल्या काहून नाही?"

"तुमचं तोंड पांढरं पडलं होतं, बाबूजी. म्या म्हटलं, हा मानूस आता पडते. त्यात तुमचं नाव कायले घेऊ?"

वरून तिनं मला चहा केला. आणि मी तो प्यायलो! परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसलो.

सोमवार, १७ नोव्हेंबर
कोर्ट बसताच उभा राहिलो. सगळं बोललो, ते पानं उलटणंसुद्धा. जजसाहेबांनी लालीबाईचा फोन परत द्यायला सांगितला, आणि साक्ष तिच्यासमोर पुन्हा घ्यायची म्हणाले. पट्टेवाला माझ्याकडे बघेना.

व्हरांड्यात अभिषेक वकील आले. वाटलं, आता काढणार. त्यांनी दंड धरला. "काका, घरून काकूंना घ्या. आत्ताच नागपूरला निघू."

मंगळवार, १८ नोव्हेंबर, नागपूर
मशीन तपासलं. बॅटरी चांगली आहे. मशीनमधून हृदयाकडे जाणारी तार तुटली आहे, वाजायला लागलं त्याच दिवसापासून. डॉक्टर म्हणाले, "मध्ये झटका द्यायची वेळ आली असती तर तो पोचलाच नसता." शोभा शेजारी बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "मले कधी सांगणार होता?"