पावलाचं माप

६ जानेवारी, सोमवार. कुडपण.

पोलादपूरहून जीपने एक तास चाळीस मिनिटं. हवा अशी, की आखातातली बावीस वर्षं एका दमात विसरावीत. तिथे ट्रकच्या केबिनमध्ये बसून पुस्तकं वाचली. माणूस कुठून निघाला, कुठे पोचला, नव्या थंडीला नि डोंगराला कसा सरावला, हे मला कुठल्या कॉलेजाने शिकवलेलं नाही. बायकोला, आमिनाला, शब्द दिलाय: शुक्रवारी महाडला घरी, मग उंबरा सोडणार नाही. परकी गावं पुष्कळ झाली. दमलोय.

तुळसाबाईंकडे खोली घेतली. दगड मोजून पोट भरतं काय हो भाऊ, म्हणून हसल्या.

७ जानेवारी.

गावामागच्या कपारीत दगड झालेला जुना चिखल. त्यात उमटलेली अनवाणी पावलं, एकवीस; ती मोजायलाच आलो. सगळी आत जाणारी. लांबी २२.४ सेंमी, पंजा रुंद, अंगठा फाकलेला. देवळात चपला काढतात तशा इथं काढायच्या नायत, असं तुळसाबाईंनी बजावलेलं. इथली माती तळव्याला लागली की माणूस इथलाच होतो म्हणे. पण बुटाने ठसे झिजतात, एवढं मला कळतं. बूट काढून दिवसभर मापं घेतली.

८ जानेवारी.

बूट सैल. माझं पाऊल २६.१ होतं. आज २५.३. पट्टी बदलून तीनदा मोजलं. सगळे स्वेटर घालून फिरतात, मला थंडी वाजत नाही.

९ जानेवारी.

२४.०. अंगठा बाहेर सरकलाय. पँट जमिनीवर लोळते. तुळसाबाईंनी पाय पाहिले, भाकरी उंबऱ्याबाहेर ठेवली. म्हणाल्या, सांगितलेला ना तुमाला? शिकलेल्या माणसाला सांगून उपेग नाय.

१० जानेवारी, शुक्रवार.

सकाळी जीपकडे निघालो. डांबर लागलं की तळवे भाजतात. चारदा निघालो. चारही वेळा पाय वळून कपारीत. तिथे बरं वाटतं. बरं वाटतं याचीच भीती—

आमिना वाट पाहत असेल.

११

२२.४.

भाकरी गिळवत नाही. कंद उकरले, कच्चेच. फोन लावला. ती हॅलो हॅलो करत राहिली. माझ्या घशातून नुसता—

रविवार असावा

आमिना आली. कपारीच्या तोंडाशी उभी. मी पुढे झालो, ती मागे सरली. तुळसाबाई म्हणाल्या, हेच की गो तुजे. ती म्हणाली, नाही हो बाई, माझे मिस्टर उंच आहेत. मग मलाच विचारलं, चाचा, तुम्ही त्यांना पाहिलंत का.

शब्द फुटत नाही. अक्षर ओळखेल. बोटं अजून पेन धरतात, तोवर—

आमिना, जाऊ नको. हा मी, तुझा अज